आ करा!

ऑपरेशन झालेल्या कुठल्याही माणसाला भेटायला जा. पहिल्या पाच मिनिटांत तो तुम्हाला सर्जनचे नाव, त्याचे गाव, त्याचा हातगुण आणि त्याने लावलेले बिल या चार गोष्टी सांगेल. पोटातून निघालेला खडा बाटलीत घालून ठेवला असेल तर तोही दाखवील. पण "भूल कुणी दिली हो?" एवढे विचारून बघा. तो कपाळाला आठ्या घालील, बायकोकडे बघेल, बायको सुनेकडे बघेल, आणि शेवटी "होत्या एक बाई, हिरवी टोपी घातलेल्या" एवढाच तपशील बाहेर येईल. आता ऑपरेशन थिएटरात हिरवी टोपी न घातलेला माणूस कोण असतो, ते मला सांगा!

बिचाऱ्या भूलतज्ज्ञाचा धंदाच असा, की गिऱ्हाइकाची ओळख होते न होते तोच गिऱ्हाईक झोपी जाते. मी हदगावात २८ वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे समोरच्याला झोप लागणे म्हणजे काय, याचा मला दांडगा अनुभव आहे. फरक एवढाच, की माझी मुले घंटा झाली की आपोआप उठत, आणि तोवर त्यांचा श्वास तेच घेत. ती जबाबदारी शिक्षण खात्याने माझ्यावर टाकली नव्हती.

या जबाबदारीचा मला शोध लागला तो आमच्या आण्णांमुळे.

आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. एस.टी.त ड्रायव्हर होते. हदगाव आगारातून माहूर, किनवट, नागपूर अशा सगळ्या वाटा त्यांनी तुडवल्या. रात्रीच्या गाडीला झोप येऊ नये म्हणून गालात सुपारी धरायची सवय लागली. सुपारीची झाली गुटख्याची पुडी, आणि २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा आण्णांनी कायद्याचा मान राखून खर्रा सुरू केला. आमच्या भागात पैनगंगेच्या अल्याड काय आणि पल्याड काय, खर्रा घोटणाऱ्याची टपरी सापडली नाही असा फाटा नाही.

पुढे आण्णा रिटायर झाले आणि हळूहळू कमी बोलू लागले. गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. "आण्णा आता गंभीर झाले", "वाचन वाढलं असंल", "माळ घेतली का काय त्यांनी?" वगैरे. तामशाला बारालिंगाच्या देवळात संक्रांतीच्या करीला भाजी-भाकरीची मोठी पंगत असते. २०२४ च्या पंगतीत आण्णा भाकरीचे चिमणीला घालावेत तेवढे तुकडे करून खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. शेजारचे एक माळकरी हात जोडून म्हणाले, "काय ही भक्ती!" भक्ती कसली, भाजीतल्या मिरचीने तोंडाची आग होत होती. आणि तुकडे बारीक करायचे कारण असे, की मोठा घास आत जायला दारच उघडत नव्हते.

त्याच साली दिवाळीत करंज्यांवर ताव मारल्यावर (करंजी मऊ, तिखट नाही आणि उभी घातली तर जाते, हा आण्णांचा शोध) रात्री पोटात असा गोळा उठला, की पहाटे नांदेड गाठावे लागले. पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले. सर्जननी पोट तपासले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "आता भुलीच्या मॅडमना दाखवून घ्या."

आण्णा म्हणाले, "पोट दुखायलंय, ते तुमी बगितलं. आता मॅडम काय बगायल्या?"

मॅडमनी पोटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. वयाने आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी समोरच्या स्टुलावर बसून आण्णांना सांगितले, "काका, आ करा. जीभ बाहेर काढा. पण 'आ' म्हणायचं नाही."

आता 'आ' करायचा पण म्हणायचा नाही, हा प्रकार माझ्यासारख्या मास्तरालाही नवा होता. आण्णांनी प्रयत्न केला. मग बाईंनी त्यांना त्यांचीच तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायला सांगितली. दोन गेली. तिसरे बाहेर राहिले. बाईंनी खालच्या दातांनी वरचा ओठ चावायला लावला, मान मागे टाकायला लावली, हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर बोटांनी मोजले, एक हलणारा दात होता तो हलवून पाहिला आणि वहीत लिहून ठेवला. मग गालाच्या आतून बोट फिरवून विचारले, "किती वर्षं खाताय?"

आण्णांनी छताकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून बगायले मी."

बाईंनी समजावून सांगितले ते असे. सुपारीने तोंडाची आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी घट्ट होत जाते. तिच्याखाली पट्टे तयार होतात, जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसत नाही. पुढे काहींना कॅन्सरही होतो. हे ऐकून आण्णांपेक्षा मीच जास्त गंभीर झालो. पण बाईंची चिंता त्या घडीला वेगळी होती. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला झोप लागली, की मी स्नायू ढिले पडायचं औषध देते. मग तुमचा श्वास तुम्ही घेत नाही. तो मी घेते. त्यासाठी तुमच्या श्वासनलिकेत एक नळी जायला हवी. आणि श्वासनलिकेच्या दाराला चिकटूनच अन्ननलिकेचं दार आहे."

"म्हंजे वारंगा फाटा म्हणा की," आण्णा म्हणाले. "नांदेडहून आलं की एक रस्ता हदगावला, एक हिंगोलीला."

"अगदी तसंच."

"हिंगोलीला गेलो तर?"

"तर परत फिरून यायचं. पण तेवढा वेळ तुम्हाला हवा नाही."

खोलीत जरा वेळ कुणी काही बोलले नाही. बाहेर कुणीतरी 'नंबर बारा' असे ओरडले.

तर हा फाटा पाहायचे हत्यार म्हणजे लॅरिंजोस्कोप. मराठीत त्याला 'स्वरयंत्रदर्शक' म्हणता येईल, आणि पुढे ज्याची गोष्ट येणार आहे त्याला 'चलत्चित्र-स्वरयंत्रदर्शक'. हा शब्द उच्चारून दाखवता आला तर त्या माणसाचा जबडा उत्तम आहे असे समजून पुढच्या तपासण्या रद्द कराव्यात, अशी माझी सूचना आहे. बाईंनी कपाटातून जुने हत्यार काढून दाखवले. एक जाडसर दांडी, तिला काटकोनात एक वाकडे पोलादी पाते, पात्यावर दिवा. आमच्या अंगणातल्या खुरप्याला कुणी बॅटरी बसवावी, तसे दिसत होते. हे वाकडे पाते ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी १९४३ साली काढले आणि जगभर अजून ते वापरात आहे. डाव्या हातात दांडी धरायची, पात्याने जीभ बाजूला सारून उचलायची, आणि दातांच्या फटीतून आत डोकवायचे.

गोम अशी, की आपला डोळा बाहेर आणि ते दार आत, वळणाच्या पलीकडे. माणसाची नजर वळत नाही. म्हणून रोग्याच्या डोक्याखाली उशी देऊन, फुलाचा वास घेताना मान पुढे करतो तशी मान ठेवून, जीभ उचलून, सगळे एका रेषेत आणावे लागते. बहुतेकांचे येते. ज्याचे तोंड उघडत नाही, मान वळत नाही, हनुवटी आखूड असते किंवा जीभ मोठी असते, त्याचे येत नाही. आणि श्वास तर थांबलेला असतो. आधी तीन मिनिटे तोंडावर मास्क धरून प्राणवायू भरून घेतात तो याचसाठी, म्हणजे टाकी भरून निघायचे. पण टाकी कितीही भरली तरी ती शेवटी टाकीच.

"मग मी काय करणार, तर हे वापरणार," असे म्हणून बाईंनी दुसरे हत्यार काढले. दांडी तशीच, पाते तसेच, जरा जास्त वाकडे आणि पातळ. पण पात्याच्या टोकाशी दिव्याजवळ हरभऱ्याएवढा कॅमेरा, आणि दांडीच्या डोक्यावर मोबाइलएवढा पडदा. "डोळा बाहेर ठेवायचाच नाही. डोळा टोकाशी नेऊन बसवायचा. मग वळण असलं तरी वळणापलीकडचं दिसतं."

इथे आण्णांमधला ड्रायव्हर जागा झाला. हल्ली मोटारींना मागे कॅमेरा असतो आणि पोरे पडद्यात बघून गाडी मागे घेतात, याचा आण्णांना मनस्वी तिटकारा. "आरशात बगून गाडी मागं घेत नाही तो ड्रायव्हरच नाही" असे त्यांचे ठाम मत. आमच्या धाकट्याने नवी गाडी आणली तेव्हा आण्णांनी त्या पडद्यावर रुमाल टाकून गाडी अंगणात लावून दाखवली होती. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, तुमाला बिगरकॅमेऱ्याची येत नाही का?"

मी डोळे मिटून घेतले. पण बाई हसल्या. "येते की. रोज करते. पण काका, माहूरच्या घाटात वळणापलीकडं काय हाये ते दिसत नव्हतं, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"हॉर्न देत होतो."

"घशात हॉर्न देऊन चालत नाही ना!"

आण्णांना हे पटले. पटले की ते मान हलवत नाहीत, मिशीवरून हात फिरवतात. तो त्यांनी फिरवला.

त्या रात्री हदगावला परतल्यावर (ऑपरेशन चार दिवसांनी होते) आमच्या घरात जे झाले ते लिहू नये असे घरच्यांचे मत आहे. झाले असे, की ती 'आ न म्हणता आ' करायची परीक्षा कुणाची, हे मी शोधून काढले. मास्तरकीची खोड, दुसरे काय! ती परीक्षा निघाली डॉ. शेषगिरी राव मल्लमपाटी यांची. मूळचे आंध्रचे आणि पुढे अमेरिकेत बोस्टनला गेलेले हे भूलतज्ज्ञ. १९८५ साली त्यांनी दाखवून दिले, की उघड्या तोंडात पडजीभ आणि टाळू किती दिसते त्यावरून नळी घालणे सोपे जाईल की अवघड, याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी केले तीन वर्ग, पुढे दुसऱ्यांनी चौथा जोडला. पडजिभेसकट सगळे दिसले तर पहिला वर्ग, नुसताच वरचा कडक टाळू दिसला तर चौथा. नुसत्या या एका परीक्षेवर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून ती बोटे, तो ओठ, ती मान. आमच्या नांदेडच्या पलीकडे हद्द ओलांडली की तेलुगू सुरू होते, म्हणजे हा माणूस तसा आमच्या शेजारचाच. बोस्टनला जाऊन त्याने साऱ्या जगाला जीभ बाहेर काढायला लावली, याचा मला फार आनंद झाला.

वर्ग आणि परीक्षा म्हटल्यावर मी थांबतो कसला! घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवले आणि टॉर्च घेऊन निकाल लावला. नातवंडे पहिल्या वर्गात, सून दुसऱ्यात. आमची ही पहिल्या वर्गात, आणि तेही विशेष प्राविण्यासह. मग टॉर्च तिने घेतली आणि माझ्या तोंडात धरली. बराच वेळ बघून म्हणाली, "तिसरा. घसा दिसतच नाही, नुसती जीभच दिसायलीय." तेवढ्यात शेजारचे काका दूध मागायला आले. सात माणसे ओळीने जीभ काढून बसलेली पाहून ते उंबऱ्यातूनच "मंग येतो" म्हणून परत गेले. दूध आम्हीच पोचवले.

वाचता वाचता आणखी एक गंमत सापडली. जिवंत माणसाचा घसा आरशाने पाहायची युक्ती जगाला दाखवून दिली ती कुणा डॉक्टरने नव्हे, एका गाण्याच्या मास्तरने. मान्युएल गार्सिया त्याचे नाव. आयुष्य गळे घडवण्यात गेले, पण गळ्याच्या आत काय चालते ते दिसेना. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले, आणि स्वतःचे स्वरयंत्र उघडमीट करताना पाहिले. पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला. हा गृहस्थ १०१ वर्षे जगला. आण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बग, आरसाच!" मी त्यांना पुढचे सांगायचे टाळले. पुढचे असे, की कॅमेरा टोकाशी असलेले ग्लाइडस्कोप नावाचे हत्यार कॅनडातल्या जॉन पेसी यांनी २००१ च्या सुमारास बाजारात आणले, आणि तेही भूलतज्ज्ञ नव्हते, सर्जन होते. एकाने आरसा दिला तो गवई, दुसऱ्याने कॅमेरा दिला तो सर्जन. स्वतःचे घर दुसऱ्याने येऊन सारवून द्यावे, असे भूलतज्ज्ञांचे नशीब दिसते.

आणि भुलीच्या इतिहासात आमच्या निजामाच्या राज्याचा वाटा काय सांगावा! हदगाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा यावर माझा हक्क आहे. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, यावर विलायतेत भांडण चालले होते. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे, श्वासाकडे बघा, नाडी धरून काय बसता! १८८८ मध्ये आणि पुन्हा १८८९ मध्ये निजामाच्या पैशाने त्यावर दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि 'लॅन्सेट'चा प्रतिनिधी यावा म्हणून निजामाने हजार पौंड मोजले. हृदयाला धोका नाही हे लॉरींचे म्हणणे पुढे खोटे ठरले. श्वासाकडे बघा हे मात्र खोटे ठरले नाही. त्याच हैदराबादेत रूपाबाई फरदूनजी नावाच्या पारशी डॉक्टरीणबाई तेव्हा क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. त्यांनी भूल दिलेल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते, हा आपला पहिला प्रश्न!

असो. चौथ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नांदेडला मुक्कामाला गेलो. बाई रात्री पुन्हा येऊन भेटल्या. आण्णांना खर्ऱ्याची तलफ आलेली, त्यामुळे ते भांडायच्या तयारीतच होते.

"मॅडम, त्या पडद्यात रस्ता दिसला, म्हंजे गाडी पोचली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "हीच तर भानगड आहे. दिसतं फार छान. पण नळी वळणावरून नेताना कधी कधी कडेला अडते. म्हणून नळीच्या आत तार घालून तिला आधीच बाक द्यायचा." माहूरगडावर रेणुकेचे देऊळ खालून दिसले म्हणजे पायऱ्या संपल्या असे होत नाही, तसलाच प्रकार. शिवाय लाळ आली, रक्त आले, श्वासाची वाफ काचेवर धरली, तर पडदा पांढरा.

"वायपर?"

"नाही. कॅमेरा आधी कोमट करून घेते."

"अन् तुमच्या संगं कोण असतंय?"

बाईंनी सांगितले, की मदतीला एक माणूस असतो. कधी कधी तो बाहेरून गळ्यावर जरा दाबून स्वरयंत्र नजरेच्या टप्प्यात आणून देतो. जुन्या पात्याने बघताना ते फक्त बघणाऱ्यालाच दिसे. मदतनीस आपला 'इकडे दाबू? अजून?' असे विचारत अंदाजाने दाबणार. आता पडदा दोघांनाही दिसतो.

आण्णा उठूनच बसले. एस.टी. ड्रायव्हरच्या आयुष्यात गाडी मागे घेणे हा जसा प्रसंग, तसा कंडक्टर हा देव. गाडीच्या मागे उभा राहून तो पत्र्यावर थाप मारीत "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" म्हणतो, आणि त्या 'बस्स'वर पन्नास माणसांचा जीव टांगलेला असतो. आण्णा म्हणाले, "म्हंजे कंडक्टरला जे दिसायलंय तेच डायव्हरलाबी दिसायलंय म्हणा! मंग ठीक हाये. मंग ऱ्हाऊ द्या कॅमेरा."

"आणि शिकणाऱ्यालाही दिसतं," बाई म्हणाल्या. "आम्ही शिकत होतो तेव्हा एकाच वेळी एकालाच आत बघता यायचं. सर विचारायचे, 'दिसलं का?' आम्ही म्हणायचो, 'हो सर.'"

इथे मला राहवले नाही. 'हो सर' या दोन शब्दांत सत्याचा अंश किती असतो, यावर २८ वर्षांचा अभ्यास असलेला माणूस त्या खोलीत मीच होतो. पानिपतची तिसरी लढाई 'समजली का?' या प्रश्नाला ज्यांनी मला 'हो सर' म्हटले, त्यांचे पेपर मी तपासलेले आहेत. वर्गातल्या प्रत्येकाच्या डोक्यात कॅमेरा घालून समोर पडदा लावता आला असता, तर मराठवाड्याचा निकाल काही वेगळाच लागला असता. निदान मास्तरला खोटे समाधान तरी मिळाले नसते.

मी विचारले, "पण मॅडम, याचा खरोखर उपयोग होतो, की नव्याची नवलाई?" त्यांनी सांगितलेले आकडे मी नंतर ताडून पाहिले. अमेरिकेत तातडीच्या विभागांत आणि अतिदक्षता विभागांत १४१७ रोग्यांवर तुलना केली, ती २०२३ मध्ये छापून आली. पहिल्याच प्रयत्नात नळी बसली ती कॅमेऱ्याने शंभरांत ८५ जणांची, साध्या पात्याने ७१ जणांची. २०२२ साली कोक्रेन नावाच्या संस्थेने मोठ्या माणसांवरचे २२२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतही कॅमेऱ्याच्या बाजूनेच कौल पडला. नळी अजिबात न बसण्याचे प्रकार त्याने कमी होतात.

कोविडच्या साली, म्हणजे २०२० मध्ये, त्याला आणखी मान मिळाला. साध्या पात्याने बघायचे तर डॉक्टरचे तोंड रोग्याच्या तोंडाशी न्यावे लागते. पडद्यामुळे हातभर लांब राहता आले. परदेशी यंत्र काही लाखांचे, तेव्हा आपल्याकडच्या काही भूलतज्ज्ञांनी जुन्या पोलादी पात्यालाच पाइप तपासायचा स्वस्त वायरवाला कॅमेरा बांधला आणि मोबाइलवर घसा बघितला. आता देशी बनावटीची हजारांत मिळतात. आण्णा म्हणाले, "तो इंजिनात घालायचा कॅमेरा आपल्या मेकॅनिककडं हाये. आणू का?" बाई नको म्हणाल्या. माझे मात्र प्रामाणिक मत झाले, की ज्या तालुक्याच्या गावात नळी घालायची वेळ येते, तिथे हे हत्यार असावे. सत्काराच्या शाली-श्रीफळांचा आपल्याकडे वर्षाचा जो खर्च होतो, त्यात ते आरामात बसते.

वहिनींनी तोवर एक अक्षर काढले नव्हते. जाता जाता त्यांनी विचारले, "अन् ते बंद पडलं तर, बाई?"

बाई थांबल्या. "जुनं पातं शेजारी आहे. ते नाही जमलं, तर नाकातून जाणारी बारीक दुर्बीण आहे, तीही काढून ठेवलीय. काकांचं तोंड याहून कमी उघडत असतं, तर मी त्यांना झोपवलंच नसतं. घसा बधिर करून जागेपणीच दुर्बिणीने नळी घातली असती. यातलं काही जमलं नाही, तर उठवून परत पाठवीन. आणि अगदीच वेळ आली, तर गळ्याला पुढून छेद देऊन वाट काढावी लागते. ते सामान पण आहे." हे सगळे त्यांनी बाजाराची यादी सांगावी अशा आवाजात सांगितले. वहिनींनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "मंग झोपते मी."

सकाळी साडेआठला आण्णांना आत नेले. स्ट्रेचरवरून त्यांनी मला खूण केली ती मिशीवरून हात फिरवायची, पण हाताला सुई होती, म्हणून ती अर्धीच झाली. दार मिटले. बाकावर वहिनी, मी, पुतण्या आणि एक अनोळखी बाई. मी घड्याळ बघत होतो. तीन मिनिटे मास्कची. मग औषध. मग ती वेळ, जेव्हा साठी ओलांडलेला, घाटात गाडी घालताना कधी ब्रेक न चुकलेला आमचा माणूस स्वतःचा श्वास घेत नसणार, आणि सुनेएवढ्या मुलीच्या डाव्या हातावर सगळे असणार. ही वेळ किती असते? एखादे मिनिट. काटा सरकत नव्हता. वहिनी पुटपुटत होत्या. मला वाटले रेणुकेचे नाव घेत असतील. जरा वाकून ऐकले तर त्या म्हणत होत्या, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

तासाभराने सर्जन बाहेर आले. हातात खड्यांची बाटली. तूरडाळीएवढे अकरा. "छान झालं," म्हणाले.

"नळी बसली का नीट?" मी विचारले.

"कुठली नळी?" ते म्हणाले, आणि मग आठवून, "हां, ती! ती काय, बसतेच."

भूल देणारा माणूस ऑपरेशन संपेपर्यंत जागचा हलत नाही, रोगी उठून स्वतःचा श्वास घेऊ लागेपर्यंत तर नाहीच नाही. त्यामुळे बाई आल्या त्या बऱ्याच उशिरा. टोपी हिरवी. कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ. "पहिल्याच खेपेला बसली," म्हणाल्या. "दार लगेच दिसलं. नळी एकदा कडेला अडली, जरा फिरवली, गेली. दात पण आहे जागेवर." वहिनींनी त्यांचा हात धरला आणि नाव विचारले. नीट ऐकू आले नाही म्हणून पुन्हा विचारले. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते लिहून ठेवले. इथे मी ते देत नाही, कारण बाईंनीच नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आण्णांना पडद्यावर साठवलेले एक चित्र दाखवले. गुलाबी भिंती, मध्ये पांढऱ्याशुभ्र दोन पट्ट्या, वर टेकलेल्या आणि खाली फाकलेल्या, आणि त्यांच्यामधून दिसणारा काळोख. हीच ती दोन दारे, ज्यांतून आण्णा 'पुढं सरका, मागं जागा हाये' असे आयुष्यभर ओरडत आले. आण्णांनी ते हातभर लांब धरून पाहिले, मग जवळ धरून पाहिले.

"रस्ता तर चांगला हाये," ते म्हणाले. "फाटकच मी गंजवलं."

फाटकासाठी आता इलाज चालू आहे. दातांच्या डॉक्टरनी खर्रा बंद करायला लावला, औषध दिले आणि तोंडाचा व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी करायची, ती दातांच्या मध्ये धरून बसायचे, आणि सवय होईल तशी एकेक काडी वाढवायची. पहिल्यांदा काड्या दुकानातून आणायचे ठरले होते. पण आजोबांच्या आजारपणात आपला हातभार लागावा, अशी तळमळ नातवंडांना लागली. भर थंडीत दोघे रोज संध्याकाळी आइस्क्रीम खात आणि चाटूनपुसून काड्या आजोबांना आणून देत. वहिनी त्या उकळून, वाळवून, मोजून डब्यात ठेवत. २०२५ च्या संक्रांतीपर्यंत थप्पीत चार काड्या वाढल्या. करीला आम्ही तामशाला गेलो. आण्णांनी भाजी धुऊन घेतली, पण भाकरीचा तुकडा या खेपेला चिमणीचा नव्हता, कावळ्याचा होता. शेजारी तेच माळकरी होते. आण्णांच्या डोळ्यांत पाणी नाही हे बघून ते जरा नाराज दिसले.

घरी आलो तर धाकट्या नातवाचा आवाज बसलेला. घशातून शब्द फुटेना. आण्णांनी त्याला उजेडात धरले, खिशातून टॉर्च काढली आणि म्हणाले, "आ कर. म्हणू नको, नुसता कर."